किशोरवयीन मुलांचा राग, घरचे संस्कार आणि वर्तन-समस्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयात येणाऱ्या मुलांच्या रागाबद्दल पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. राग आवरायच्या युक्त्या सगळीकडे मिळतात. पण राग कुणासमोर दाखवायचा, किती दाखवायचा आणि कुठल्या वागण्याला ‘समस्या’ म्हणायचं, हे घर आणि समाज ठरवतात. ते लक्षात न घेता दिलेला सल्ला बरेचदा फुकट जातो.

राग येणं आणि वर्तन-समस्या असणं, यात फरक काय?

राग ही भावना आहे. ती कुणालाही, कधीही येते आणि बरेचदा तिच्यामागे रास्त कारण असतं. मारामारी, तोडफोड, शिवीगाळ, सततची उद्धट उत्तरं, चोरी, शाळा बुडवणं हे वागणं झालं. भरपूर राग येणारं मूल नीट वागत असू शकतं, आणि कधीच न रागावणारं मूल थंड डोक्याने दुसऱ्याला छळत असू शकतं. म्हणून ‘किती रागावतो?’ या प्रश्नाच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. हे किती महिने चाललंय? किती ठिकाणी चाललंय, फक्त घरी, की शाळेत आणि मित्रांमध्येही? आणि त्यातून नुकसान काय झालंय: दुखापत, तुटलेली मैत्री, घसरलेला अभ्यास? आवाज किती चढला यापेक्षा ही तीन उत्तरं जास्त सांगतात.

या वयातच राग एवढा का उफाळतो?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांच्या वयाला किशोरावस्था म्हणते. या काळात मेंदूतली भावना आणि धोका टिपणारी यंत्रणा तल्लख झालेली असते. थांबून विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो. त्यात समवयस्कांसमोर मान राखण्याची ओढ या वयात सर्वांत तीव्र असते. घरी एकट्यात सांगितलेली गोष्ट ऐकणारा मुलगा मित्रांसमोर तीच ऐकून पेटतो, तो यामुळे.

दुसरं कारण साधं आहे, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं: झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, आणि शाळेची वेळ मात्र तीच राहते. सलग काही दिवस सहा तास झोपलेल्या मुलाला संयम शिकवणं अवघड आहे. कुठलाही कार्यक्रम सुरू करण्याआधी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा. काही घरांत निम्मं कोडं तिथेच उलगडतं.

आई-वडिलांशी होणाऱ्या भांडणांची संख्या किशोरवयाच्या सुरुवातीला जास्त असते आणि पुढे कमी होत जाते. त्यांची धार मात्र मधल्या वर्षांत वाढते. त्यामुळे पंधराव्या वर्षी ‘आधी असं नव्हतं’ असं वाटलं, तर ते अनेक घरांत वाटतं.

संस्कृतीचा रागाशी नेमका काय संबंध?

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ मध्ये भावना दाखवण्याचे अलिखित नियम ही कल्पना मांडली. चेहऱ्यावर काय उमटू द्यायचं, काय गिळायचं आणि कुणासमोर, हे नियम मूल घरातल्या मोठ्यांकडे पाहून शिकतं. कुणी ते त्याला बसवून शिकवत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण नेपाळमधलं आहे. पॅमेला कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तमांग आणि ब्राह्मण या दोन समाजांच्या वस्त्यांतल्या मुलांना, तसंच अमेरिकेतल्या मुलांना, अवघड प्रसंग सांगून विचारलं की तुम्हाला काय वाटेल आणि तुम्ही ते दाखवाल का. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तमांग मुलं लाज वाटेल असं सांगण्याकडे झुकली. ब्राह्मण मुलांनी राग येईल असं सांगितलं, पण तो दाखवणार नाही असंही म्हटलं. अमेरिकन मुलांना राग दाखवणं रास्त वाटलं. चार वर्षांनी याच चमूने मोठी माणसं मुलांशी कशी वागतात ते पाहिलं. तमांग वडीलधारे रागावलेल्या मुलाला दटावत, लाजलेल्याला मात्र समजावून घेत. ब्राह्मण घरांत रागावलेल्या मुलाशी बोलणं होई आणि लाजेकडे दुर्लक्ष होई. दोन्ही समाज एकाच देशातले. ज्या भावनेला मोठे दाद देतात, ती आपल्याला येते हे मुलं मान्य करतात. ज्या भावनेला दटावणी मिळते, ती कुठेतरी आत जाते.

मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज यांनी कॅनडाच्या उत्तर भागातल्या उत्कु इनुइट या मूळ रहिवाशांबद्दल १९७० मध्ये लिहिलं. तिथे प्रौढ माणसाने रागावणं हे बालिशपणाचं लक्षण मानलं जाई. याउलट ज्या समाजांत इभ्रत ही माणसाची मुख्य पुंजी असते, तिथे अपमान गिळणाऱ्यालाच कमी लेखलं जातं. अशा वस्तीतल्या पोराला ‘दुर्लक्ष कर’ असं सांगणं म्हणजे त्याला त्याच्या गटातलं स्थान सोडायला सांगणं आहे. सल्ला बरोबर असला तरी तो पाळण्याची किंमत त्याला मोजावी लागते. ती आधी मान्य करा, मगच पुढचं बोला.

संस्कृती म्हणजे देश एवढाच अर्थ घेऊ नका. एकाच इमारतीतल्या दोन घरांचे नियम वेगळे असतात. शाळेचे, खेळाच्या मैदानाचे, ऑनलाइन गेमचे आणखी वेगळे.

राग दाबून ठेवणं नेहमीच वाईट का?

नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी राग आवरण्याच्या दोन मार्गांतला फरक दाखवला. एका मार्गात प्रसंगाकडे पाहण्याची नजर बदलते आणि राग चढतानाच ओसरतो. दुसऱ्यात राग पूर्ण चढतो आणि फक्त चेहरा शांत ठेवला जातो. दुसऱ्या मार्गाने शरीरावरचा ताण कमी होत नाही, उलट वाढतो. समोर काय बोललं गेलं तेही नीट लक्षात राहत नाही.

पण ही दुसरी सवय सगळीकडे सारखीच बाधत नाही. २०११ च्या एका अभ्यासात होसे सोतो आणि सहकाऱ्यांनी युरोपीय वंशाच्या अमेरिकन आणि हाँगकाँगमधल्या चिनी विद्यार्थ्यांची तुलना केली. भावना लपवण्याची सवय आणि मानसिक त्रास यांचा संबंध पहिल्या गटात दिसला, दुसऱ्यात दिसला नाही. जिथे गप्प बसण्याला समंजसपणा मानलं जातं, तिथे गप्प बसणारं मूल एकटं पडत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

घरी ओळखायची खूण अशी. मूल गप्प बसलं आणि तासा-दोन तासांत जेवू, बोलू, हसू लागलं, तर ते गप्प बसणं त्याला झेपतंय. गप्प बसून तोच प्रसंग मनात घोळवत राहिलं, डोकं किंवा पोट वारंवार दुखू लागलं, झोप उडाली, किंवा वडिलांवरचा राग धाकट्या भावंडावर निघू लागला, तर तो राग साचतोय. अशा मुलाला ‘किती शहाणं आहे आमचं’ म्हणून कौतुक करणं धोक्याचं आहे.

मग राग बाहेर काढू द्यावा का? उशी बडवणं, ओरडणं, पळायला जाणं?

वाफ कोंडली की भांडं फुटतं, म्हणून ती सोडून द्यावी, ही समजूत फार खोल रुजली आहे. प्रयोग तिच्या विरोधात जातात. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक आणखी चिडले. काहीही न करता बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत झाले. २०२४ मध्ये सोफी क्येर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे श्वसन, स्नायू सैल सोडणं, ध्यान, थोडा वेळ बाजूला होणं, राग कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत फरक पडला नाही, आणि जॉगिंगने तर राग वाढण्याकडे कल दिसला.

व्यायाम बंद करा असा याचा अर्थ नाही. रोजचा खेळ झोप आणि मन दोन्हींसाठी चांगला. फक्त ऐन रागात धावायला पाठवणं हा उपाय नव्हे.

ऐन रागाच्या क्षणी मुलाने काय करायचं?

आधी मोजायला शिकवा. ० म्हणजे शांत, १० म्हणजे काही सुचत नाही. बहुतेक मुलांना २ आणि ९ कळतात, मधलं काही कळत नाही. शिकवायचं ते मधलंच: ४ ला काय होतं? कुणाचे कान गरम होतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाच्या मुठी वळतात, कुणाचं बोलणं भरभर होतं. आपली पहिली खूण मुलाने स्वतः शोधायची असते. उपाय ४-५ वर चालतात. ८ वर बहुधा चालत नाहीत, आणि मग ‘हे सगळं निरुपयोगी आहे’ असं मूल ठरवून टाकतं.

खूण ओळखली की श्वास. नाकाने ४ सेकंद आत, तोंडाने किंवा नाकाने सावकाश ६ सेकंद बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. तीन ते पाच मिनिटं. मोठमोठे श्वास घ्यायचे नाहीत. छाती भरभरून श्वास घेतला की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि मूल घाबरतं. श्वास नेहमीएवढाच, फक्त संथ.

मग बाजूला होणं. त्यासाठी एक वाक्य आधीच ठरवलेलं हवं: ‘मी आत्ता बोलत नाही, अर्ध्या तासाने येतो.’ परत येण्याची वेळ सांगणं हा यातला कळीचा भाग आहे, नाहीतर मोठ्यांना ते तोंड फिरवून निघून जाणं वाटतं. जिथे मोठ्यांसमोरून उठून जाणं हाच उद्धटपणा समजला जातो, तिथे खोली सोडण्याऐवजी ‘पाणी पिऊन येतो’ असं एखादं मान्य निमित्त ठरवून घ्या. त्या अर्ध्या तासात मोबाइल नको. मित्राला सगळी हकिगत टाइप करत बसलं की राग तेवत राहतो.

हे तीन ठिकाणी फसतं. पहिलं, सराव फक्त रागातच केला जातो. खरं तर शांत असताना रोज पाच मिनिटं, निदान दोन आठवडे करावा लागतो. दुसरं, मूल बाजूला होतं आणि मोठं माणूस बोलत बोलत मागे जातं. तिसरं, परत आल्यावर विषयच निघत नाही. मग मूल शिकतं की बाजूला झालं की सुटका होते, आणि मूळ तंटा तसाच राहतो.

‘सगळे माझ्याच वाईटावर आहेत’ असं त्याला कायम वाटतं. हे कसं बदलायचं?

पॅसेजमध्ये धक्का लागला. मुद्दाम मारला की चुकून लागला? खात्री नसताना ‘मुद्दाम’ हेच उत्तर निवडण्याच्या सवयीवर केनेथ डॉज यांनी १९८० पासून काम केलं आहे. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ९ देशांतल्या १२ सांस्कृतिक गटांमधल्या १,२९९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्याचा हेतू वाईट होता असं वाटलं की आक्रमक उत्तर द्यायची शक्यता वाढते, हे सगळ्या गटांत दिसलं. असं वाटण्याचं प्रमाण मात्र गटागणिक वेगळं होतं. साखळी सगळीकडे तीच, पण संशयाची सवय आजूबाजूच्यांकडून शिकली जाते.

सराव असा करा. एक प्रसंग घ्या, शक्यतो दुसऱ्या कुणाचा. त्याची तीन कारणं मुलाने सांगायची, त्यातलं किमान एक ‘चुकून’ या प्रकारातलं. कुठलं खरं हे ठरवायचं नाही. तीन सुचणं पुरे. आठवड्यातून तीन-चार वेळा. मग स्वतःच्या प्रसंगाकडे वळा, आणि तो दुरून पाहायला सांगा, जणू भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून: ‘त्या मुलाला तेव्हा काय वाटलं असेल?’ इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांच्या २०१० च्या अभ्यासात रशियन लोक दुःखद भावनांवर अमेरिकनांपेक्षा जास्त विचार करत होते, पण त्यांना त्याचा त्रास कमी होत होता. कारण ते प्रसंगाकडे जास्त अंतरावरून पाहत.

एक इशारा. जिथे खरोखरच त्रास दिला जातोय, रंगावरून, भाषेवरून, जातीधर्मावरून, घरच्या गरिबीवरून, तिथे ‘त्यांचा हेतू तसा नसेल’ असं मुलाला सांगू नका. तिथे त्याचा राग बरोबर माहिती देतोय. बदलायची आहे ती परिस्थिती, आणि ते मोठ्यांचं काम आहे.

रागाची नोंद कशी ठेवायची?

दोन आठवडे, दिवसाला एक नोंद, जास्तीत जास्त सात ओळी. अशी:

मंगळवार, संध्याकाळी ६.४०.
काय झालं: ग्रुपवर माझा फोटो टाकून सगळे हसले.
शरीर: कान गरम, जबडा आवळला.
विचार: सगळ्यांनी ठरवून केलं.
राग: ८.
मी काय केलं: तिघांना शिव्या लिहिल्या, मग धाकटीला ढकललं.
नंतर: रात्री दीडपर्यंत जागा. सकाळी राग ४.

ही एक नोंद बरंच सांगते. राग आला मित्रांचा, निघाला बहिणीवर. सकाळपर्यंत ४ उरला, म्हणजे तो रात्रभर घोळला. ‘ठरवून केलं’ हा अंदाज आहे, पण हसू झालं ही वस्तुस्थिती आहे. अशा दहा-बारा नोंदी समोर ठेवल्या की वेळ, माणसं आणि विषय यांचा पॅटर्न दिसतो. वही मुलाची असते. ती चोरून वाचली, तर त्या दिवसापासून तिच्यात खरं काही येणार नाही.

घरातली भांडणं एवढी का चिघळतात?

रात्रीचे अकरा. ‘फोन ठेव आता.’ ‘दोन मिनिटं.’ दहा मिनिटांनी, ‘किती वेळा सांगायचं?’ ‘सारखं काय गं आई तुझं!’ आवाज चढतात, दार आपटतं, आणि शेवटी आई म्हणते, ‘जाऊ दे, कर काय करायचं ते.’ दोन मिनिटांत घर शांत.

जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ मध्ये या गाठीचं नीट वर्णन केलं. मुलगा शिकला की आवाज चढवला की मागणी मागे घेतली जाते. आई शिकली की माघार घेतली की शांतता मिळते. पुढच्या वेळी वडील दुप्पट ओरडतात, मुलगा ऐकतो, आणि वडील शिकतात की ओरडल्याशिवाय चालत नाही. वाईट कुणीच नसतं. तरीही महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांची सुरुवातच वरच्या पट्टीतून होऊ लागते.

ही गाठ रात्री अकराला सुटत नाही. नियम दिवसा, पोट भरलेलं असताना, मुलाला बोलू देऊन ठरवा: साडेदहाला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, नाही ठेवला तर उद्या अर्धा तास कमी. परिणाम छोटा, ठरलेला आणि दुसऱ्याच दिवशी संपणारा असावा. महिनाभर फोन काढून घेतला की तिसऱ्या दिवशी तुम्हालाच तो परत द्यावासा वाटतो, आणि नियम मोडतो. रात्री जवळ जाऊन एकदाच सांगा. तो भडकला तर, ‘राग आलाय तुला, दिसतंय. नियम तोच आहे. उद्या संध्याकाळी बोलू.’ एवढंच. स्पष्टीकरण नको, जुने हिशेब नकोत. आणि दुसऱ्या संध्याकाळी खरंच बोला.

ज्या घरात उलट उत्तर देणं मान्यच नाही, तिथे तक्रारीला दुसरी वाट हवी. आजी, मावशी, काका असं दोघांनाही जवळचं कुणी मध्यस्थ, किंवा कागदावर लिहून दिलेली तक्रार. मोठ्यांचा मान आणि मुलाचं म्हणणं दोन्ही राहतं.

आमच्याकडे एखादा फटका सर्रास दिला जातो. त्याने काय बिघडतं?

जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास मांडला. जिथे मार देणं सर्रास आहे असं मुलांना वाटत होतं, तिथे माराचा आक्रमकता आणि चिंतेशी असलेला संबंध सौम्य होता. पण संबंध होताच. ‘आमच्यात चालतं’ याने नुकसान कमी होतं, संपत नाही. किशोरवयात तर मार उलटण्याचा धोका असतो, कारण मुलगा आता वडिलांएवढा झालेला असतो.

मुलगे संतापतात, मुली रुसतात, हे निसर्गतःच असतं का?

यात नियमांचा वाटा मोठा आहे. अनेक घरांत मुलग्याला रडण्याची मुभा नसते, रागावण्याची असते, मुलीला उलट. म्हणून मुलग्याच्या संतापामागे दुःख किंवा भीती आहे का ते पाहा, आणि रडणाऱ्या मुलीला ‘तुला कशाचा राग आलाय?’ असं एकदा विचारून पाहा. मुलींची आक्रमकता बरेचदा गटातून वगळणं, अफवा पसरवणं, अबोला धरणं अशा रूपात असते. कुणाला जखम होत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते.

घरात एक रीत, बाहेर दुसरी. मूल गोंधळतं का?

दुसऱ्या देशात किंवा शहरात गेलेल्या कुटुंबांत मुलं नव्या जागेचे नियम पालकांपेक्षा लवकर उचलतात. शिक्षकांच्या डोळ्यांत पाहून ‘मला हे पटत नाही’ म्हणणं शाळेत आत्मविश्वास ठरतं, तेच घरी उद्धटपणा. दोन्ही रीती येणारं मूल सहसा तगतं. अडचण होते ती ‘आमचीच रीत खरी’ असं दोन्हीकडून ऐकावं लागणाऱ्या मुलाची.

मुलासोबत बसून चार-पाच प्रसंगांची यादी करा: शिक्षकांनी चुकीचं ठरवलं, आजोबा ओरडले, मित्राने उधार परत केलं नाही, बाबांनी सगळ्यांसमोर तुलना केली. प्रत्येकात घरी काय चालेल आणि बाहेर काय चालेल, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. कपडे बदलावेत तसं वागणं बदलता येतं, आणि त्यात खोटेपणा नाही, हे त्याला उमजू द्या.

शाळा म्हणते मूल फार त्रास देतं, घरी तर शांत असतं. खरं कोण?

बहुतेक वेळा दोघंही. जॉन वाइझ आणि सहकाऱ्यांनी थायलंड आणि अमेरिकेतल्या शाळांची तुलना केली. थाई शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांत जास्त समस्या सांगितल्या. वर्गात बसून प्रत्यक्ष नोंदी घेणाऱ्या प्रशिक्षित निरीक्षकांना मात्र थाई मुलांत त्या अमेरिकन मुलांहून बऱ्याच कमी दिसल्या. शिस्तीची अपेक्षा जितकी कडक, तितकं छोटं वागणंही खटकतं. म्हणून शिक्षकांकडून विशेषणं घेऊ नका, प्रसंग घ्या: काय केलं, कुठल्या तासाला, त्याआधी काय घडलं होतं, आठवड्यातून किती वेळा. ‘उर्मट आहे’ यावर उपाय सुचत नाही. ‘गणिताच्या तासाला फळ्यावर बोलावलं की पुस्तक फेकतो, आठवड्यातून दोनदा’ यावर सुचतो, कारण हा बहुधा गणिताचा प्रश्न आहे.

तज्ज्ञांकडे कधी न्यावं?

जिवाला धोका, हत्यार, आग लावणं, प्राण्यांना इजा, स्वतःला इजा किंवा मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी. थांबू नका.

एरवी निदानाचे निकष माहीत असलेले बरे. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन ग्रंथानुसार ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डरसाठी (सततचा विरोध आणि अवज्ञा) चिडका मूड, वाद घालणं, सूडबुद्धी या गटांतल्या आठांपैकी किमान चार लक्षणं निदान सहा महिने असावी लागतात, आणि ती भावंडांव्यतिरिक्त कुणाशी तरी दिसावी लागतात. कंडक्ट डिसऑर्डरसाठी (दुसऱ्यांचे हक्क आणि समाजाचे नियम वारंवार मोडणं) पंधरापैकी किमान तीन गंभीर वर्तनं वर्षभरात, त्यातलं एक तरी गेल्या सहा महिन्यांत. वय, लिंग आणि संस्कृतीच्या मानाने हे वागणं वेगळं आहे का, तेही तपासायला हाच ग्रंथ सांगतो. धोकादायक वस्तीत किंवा युद्धाच्या छायेत जगण्यासाठी आक्रमक झालेल्या मुलावर कंडक्ट डिसऑर्डरचा शिक्का चुकीने बसू शकतो, याचीही त्यात नोंद आहे. तुमचे तज्ज्ञ घराबद्दल, वस्तीबद्दल, रीतींबद्दल काहीच न विचारता निदान सांगत असतील, तर तुम्हीच ती माहिती द्या.

सततची चिडचिड हे नैराश्याचंही लक्षण असतं. मुलांमध्ये निदान करताना उदास मूडऐवजी चिडका मूडही धरला जातो. शिवाय एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा), अभ्यासातल्या अडचणी, व्यसन, जुना आघात हे सगळं तपासून घ्यावं लागतं.

उपचार कोणते? बाहेरच्या देशात तयार झालेले कार्यक्रम चालतात का?

रागाच्या उपचारांचा पाया रेमंड नोवाको यांनी १९७५ मध्ये घातला: निमित्त ओळखणं, शरीर शांत करणं, स्वतःशी बोलण्याची पद्धत बदलणं, आणि सुरक्षित जागी चढत्या क्रमाने सराव. आर्नल्ड गोल्डस्टीन यांच्या कार्यक्रमात दहा आठवड्यांत आठवड्याला तीन सत्रं असतात: एक सामाजिक कौशल्यांचं, एक राग आवरण्याचं, एक नैतिक विचारांचं. गंभीर वर्तनासाठी मल्टिसिस्टेमिक थेरपीत थेरपिस्ट तीन ते पाच महिने घरीच येतो आणि कुटुंब, शाळा, मित्र सगळ्यांसोबत काम करतो.

ही शेवटची पद्धत अमेरिकेत तयार झाली. नॉर्वेत तिचा फायदा दिसला. स्वीडनमध्ये आणि नंतर इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत ती तिथल्या नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. तुलना ज्या सेवांशी झाली, त्या प्रत्येक देशात वेगळ्या होत्या, हे त्याचं एक संभाव्य कारण. म्हणून कार्यक्रमाचं नाव पाहून भुलू नका. तुमच्या भाषेत चालतो का, पालकांना सामील करून घेतो का, मुलाकडून सराव करून घेतो की नुसती व्याख्यानं देतो, हे विचारा.

दोन गोष्टी टाळा. बिघडलेल्या मुलांचा मोठा गट एकत्र बसवून, देखरेख सैल ठेवून केलेला कार्यक्रम उलटू शकतो. मुलं एकमेकांच्या करामतींवर हसतात आणि त्याच शिकतात. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे दाखवून दिलं. आणि तुरुंग दाखवून धाक बसवण्याच्या कार्यक्रमांनी गुन्हे कमी होण्याऐवजी वाढल्याचं चाचण्यांतून आढळलं आहे.

औषध हा पहिला उपाय नाही. एडीएचडी किंवा नैराश्य असेल तर त्यावर उपचार होतात. तीव्र आक्रमकता इतर उपायांनी आटोक्यात येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ थोड्या काळासाठी औषध देऊ शकतात, वजन आणि रक्ताच्या तपासण्या करत.

मोठेपणी आपोआप सुटेल का?

टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा सांगितल्या. ज्यांचं गैरवर्तन किशोरवयात, मित्रांच्या संगतीत सुरू होतं, त्यातले बरेच पुढे सावरतात. ज्यांचं लहानपणापासून, घरी-दारी सगळीकडे सुरू आहे, त्यांना थांबून पाहणं परवडत नाही. पहिल्या वाटेवरही एखादा अपघात, व्यसन किंवा सुटलेली शाळा कायमची अडकवून टाकते, म्हणून मधली वर्षं सांभाळावीच लागतात.

बदल दिसायला किती वेळ लागतो?

घरचे नियम बदलल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत भांडणं सहसा वाढतात. आधी आवाज चढवून काम होत होतं, म्हणून मूल आणखी चढवून पाहतं. बहुतेक कुटुंबं इथेच माघार घेतात आणि नकळत मोठा आवाज पक्का करतात. म्हणून एका वेळी एकच नियम बदला, आणि घरातले सगळे मोठे त्यावर एकमत झाल्यावरच सुरू करा.

मोजताना राग किती वेळा आला ते मोजू नका. किती वेळ टिकला, कुणावर निघाला, आणि नंतर मूल स्वतःहून बोलायला आलं का, हे मोजा. साधारण आठ ते बारा आठवड्यांनी पहिल्या नोंदी पुढे ठेवून तुलना करा. टिकण्याचा वेळही कमी झाला नसेल आणि निघण्याची जागाही बदलली नसेल, तर त्याच नोंदी घेऊन तज्ज्ञांकडे जा. पहिल्या भेटीत त्यांना जे विचारावं लागतं, त्यातलं बरंच त्या वहीत आधीच लिहिलेलं असेल.